पत्रकाखालची सही

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, की मुख्याध्यापकाच्या टेबलावर सहलींची पत्रके येऊन पडू लागतात. काही पोस्टाने येतात, काही ट्रॅव्हल्सवाल्यांची मुले हातात आणून देतात, आणि अलीकडे बरीचशी मोबाईलवरच उगवतात. 'विजापूर-बदामी-हंपी, तीन दिवस', 'गोवा दर्शन, दोन दिवस', 'पन्हाळा-जोतिबा', शिवाय वॉटर पार्क आणि रिसॉर्ट. आम्हा बेळगाव-खानापूरकडच्या शाळांना सहलीसाठी सगळ्या दिशा मोकळ्या. एकीकडे घाट उतरला की गोवा, दुसरीकडे कोल्हापूर, तिसरीकडे चालुक्यांची बदामी. त्यामुळे आमच्याकडे येणारी पत्रकेही सगळ्या दिशांची आणि तीन लिप्यांतली असतात.

मी ती फेकून देत नाही. ऑफिसच्या कपाटात त्यांची एक जाडजूड फाईल आहे. आमचा शिपाई तिला 'सरांचं पंचांग' म्हणतो. ही फाईल मी का ठेवली, हे बरीच वर्षे कुणाला सांगितले नव्हते. सांगण्याची वेळ आली ती २०२३ च्या ऑक्टोबरात.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर माझा एक माजी विद्यार्थी आला. पुण्यात बरीच वर्षे नोकरी करून तो गावी परतला आहे. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर त्याची वडिलोपार्जित जमीन. भात, नाचणी, थोडा काजू आणि शेताच्या कडेने वाहणारा ओढा. तिथे त्याने कृषी पर्यटन सुरू केले होते. नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांवर भागत नाही, शाळांच्या, महिला मंडळांच्या, पेन्शनर लोकांच्या सहली आल्या तरच चूल पेटते, हे त्याला पहिल्या वर्षातच कळले होते.

"सर, पॅम्प्लेट केलोय बघा," तो म्हणाला. "छापायला टाकायच्या आधी तुमच्या डोळ्याखालून जाऊ दे म्हटलं. तुमच्याकडं असली शंभर येत असतील की."

कागद देखणा होता. तीन घड्यांचा, चकचकीत, चारी बाजूंनी हिरवागार. वर मोठ्या अक्षरांत 'निसर्गाच्या कुशीत एक अविस्मरणीय अनुभव'. त्याखाली नऊ फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मग 'सर्व सोयींनी युक्त', 'चविष्ट घरगुती भोजन', 'शाळांसाठी खास सवलतीचे दर'. सर्वांत खाली, हिरव्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत फोन नंबर. तो वाचायला मला चष्मा काढून कागद नाकाशी न्यावा लागला.

"हा धबधबा कुठला रे?" मी एका फोटोवर बोट ठेवले.

तो जरा घुटमळला. "नेटवरचा आहे ओ सर. आमच्याकडच्यासारखाच दिसतोय म्हणून घातलो."

मी काही बोललो नाही. उठलो आणि त्याला माझ्या खुर्चीत बसवले. तो अवघडला. "अहो सर, तिथं कसं..." मी म्हटले, "बस. आता तू हेडमास्तर. हे पत्रक तुझ्या टेबलावर आलं आहे. साठ मुलं न्यायची आहेत, त्यांतल्या अठ्ठावीस मुली. हा घे कागद, हे पेन. पालकांना सहलीची सूचना लिही, आणि जे लिहायचं ते या पत्रकात बघूनच लिही."

त्याने हसत पेन घेतले. 'पालकांना कळविण्यात येते की' एवढे लिहिले आणि पेन थांबले. प्रत्येकी किती रुपये? पत्रकात नव्हते. त्या रुपयांत जेवण एकदा की दोनदा? नव्हते. बस शेतापर्यंत जाते, की मुलांना रस्त्यावर उतरून चालायचे? निघायचे किती वाजता, परत किती वाजता? ओढ्यात मुलांना उतरवणार का? पाणी विहिरीचे की बोअरचे? कुणाला बरे वाटेनासे झाले तर जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर? मोबाईलला रेंज आहे का? मुलींसाठी वेगळी सोय आहे का, आणि असली तर किती?

पाच मिनिटांनी त्याने पेन खाली ठेवले. "यात कायच नाही ओ सर."

"आहे की. विशेषणं भरपूर आहेत."

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एकट्या प्रवाशासाठी केलेली जाहिरात आणि समूहाच्या सहलीसाठी केलेले पत्रक या दोन वेगळ्या जाती आहेत. एकटा माणूस फोटो पाहून हुरळला आणि तिथे जाऊन फसला, तर स्वतःवर चरफडतो आणि गप्प बसतो. समूहाचे पत्रक वाचणारा मात्र स्वतःसाठी वाचत नसतो. तो कुठल्या तरी मंडळाचा चिटणीस असतो, महिला मंडळाची अध्यक्षा असते, शाळेचा शिक्षक असतो. त्या कागदावर भरवसा ठेवून त्याला पन्नास घरांना शब्द द्यायचा असतो. पत्रकातली ओळ तिथेच राहत नाही. ती त्याच्या सूचनेत उतरते, आणि सूचनेखाली सही त्याची असते.

माझ्या फाईलमध्ये जुनी, पिवळ्या आणि गुलाबी पातळ कागदावर खिळे जुळवून छापलेली यात्रा कंपन्यांची हँडबिले आहेत. काशी-प्रयाग-गया, रामेश्वर, अष्टविनायक. त्यांतही विशेषणांना तोटा नाही, पण शेवटी एक चौकट असे: 'सोबत आणावयाच्या वस्तू'. अंथरूण-पांघरूण, तांब्या, ताट-वाटी, बॅटरी, नेहमीची औषधे. मला ही चौकट सर्वांत खरी वाटत आली आहे. अंथरूण आणा म्हटले, की तिथे अंथरूण मिळणार नाही हे म्हातारीलाही समजते. बॅटरी आणा म्हटले, की दिवे जाणार हे कळते. वरच्या अर्ध्या पानात लपवलेले सत्य ती चौकट खालच्या चार ओळींत सांगून टाकी.

त्याही आधी आपल्याकडे छापील पत्रके नव्हती, तरी यात्रेकरू कुणाच्या तरी शब्दावरच निघत. त्र्यंबकेश्वरला, काशीला, गयेला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. आपण गाव आणि आडनाव सांगितले, की गुरुजी वही उघडतात आणि आपल्याच पूर्वजांच्या हातची नोंद दाखवतात. पणजोबांची मोडीतली सही पाहिल्यावर माणूस दुसरीकडे उतरायला जात नाही. त्याहून चांगली जाहिरात आजवर कुठल्या कंपनीला जमलेली नाही.

साहेबाच्या देशातली गोष्टही फार निराळी नाही. सामुदायिक सहलींचा धंदा ज्याने जगभर नेला, तो टॉमस कुक आधी सुतारकाम शिकला, दारूबंदीचा प्रचारक झाला आणि पुढे मुद्रक झाला. १८४१ सालच्या ५ जुलैला त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत, म्हणजे अवघ्या अकरा-बारा मैलांवर, सुमारे ५०० माणसे रेल्वेने दारूबंदीच्या सभेला नेली. प्रत्येकी एक शिलिंग. पुढे १८४५ मध्ये नफ्यासाठी म्हणून पहिली मोठी सहल लिव्हरपूलला काढली, तेव्हा तो आधी स्वतः त्या मार्गाने जाऊन, उतरण्याची ठिकाणे पाहून आला. मग स्वतःच प्रवाशांसाठी माहितीची पुस्तिका छापली. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाहणे, मग छापणे.

पण त्या संध्याकाळी मी माझ्या विद्यार्थ्याला कुकची गोष्ट सांगितली नाही. तो फाईल चाळत होता. चाळता चाळता एका पत्रकावर थांबला आणि त्याचा चेहरा खुलला. "सर, ही आमची सहल न्हवं? आठवीतली! लई मजा आल्ती बघा. रात्रभर झोपलो नाही आम्ही. टँकरखाली आंघोळी केलो की थंडीत!"

तीच ती १९९९ च्या डिसेंबरातली सहल. मी तेव्हा साधा सहायक शिक्षक होतो. हौसेने सहलप्रमुख झालो होतो. ते ठिकाण पाहिलेले नव्हते. हातात होते हेच पत्रक, त्यावर 'प्रशस्त हॉल, २४ तास पाणी, मुला-मुलींसाठी स्वतंत्र व स्वच्छ प्रसाधनगृहे'. अक्षर सुबक, कागद चांगला. मी ती ओळ जशीच्या तशी उतरवून पालकांच्या सूचनेत घातली, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल केली आणि खाली सही ठोकली. ४६ मुले पैसे भरून तयार झाली. २८ मुलगे, १८ मुली.

रात्री नऊला पोहोचलो. हॉल म्हणजे अर्धवट बांधलेले मंगल कार्यालय. खिडक्यांना पत्रे ठोकलेले. पाणी टँकरचे. संडास दोन, त्यांतल्या एकाला दार नव्हते आणि दुसऱ्याला आतून कडी नव्हती. मुलगे अंधारात पांगले, त्यांना कसलीच अडचण आली नाही. टँकरखाली उड्या मारून, दंगा करून ते झोपले. त्यांच्यासाठी ती आयुष्यातली सर्वांत चांगली रात्र होती. माझ्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर चोवीस वर्षांनीही तिचा आनंद दिसत होता.

मुलींचे काय झाले, हे मला परतीच्या वाटेवर आमच्या बाईंनी सांगितले. त्या रात्री एकेक मुलगी आत जाई आणि बाई बाहेरून दार धरून उभ्या राहत. अठरा मुली. पहाट होईपर्यंत बाई तिथेच. त्यांतल्या एकीने, आठवीतल्या, आत जाण्याचे धाडसच केले नाही. जावे लागू नये म्हणून तिने संध्याकाळपासून पाणी पिणे बंद केले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गडाच्या पायऱ्यांवर ती चक्कर येऊन पडली. खालच्या गावात दवाखाना मिळाला, सलाईन लावले, तिला सांभाळून घरी आणले. वाईट काही घडले नाही, असे आम्ही सगळे म्हणालो.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. शेतात मोलमजुरी करणारी बाई. मी घाबरलो होतो, पण ती ओरडली नाही. तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझी सूचना. म्हणाली, "सर, पोरीकडनं तीनदा वाचून घेतलो मी हे. संडासाची सोय हाय म्हणून तुमच्या कागदावर लिवलेलं हाय. तेवढ्यावर धाडलो. नाहीतर धाडत नव्हतो."

एवढेच बोलून ती गेली. कागद टेबलावरच राहिला.

त्या हॉलवाल्याला मी चार शब्द सुनावले असते तर मन हलके झाले असते. पण त्या बाईने हॉलवाल्याचे नावही ऐकलेले नव्हते. तिला ठाऊक होती ती माझी सही. पुढच्या वर्षी बदामीची सहल काढली, तेव्हा मुलींची नावे आली चार. त्या चारांत ही मुलगी नव्हती. दहावी होऊन शाळा सोडेपर्यंत ती कुठल्याच सहलीला आली नाही. वर्गात मी पुलकेशीवर धडा शिकवी, गोलघुमटाचा घुमणारा आवाज वर्णन करून सांगे, ती मान खाली घालून लिहून घेई.

हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने पत्रक फाईलमध्ये परत ठेवले. बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "सर, आम्हांला काय सुद्धा माहीत नव्हतं ओ."

"मलाही नव्हतं," मी म्हणालो. "म्हणून तर फाईल ठेवली."

दुसऱ्या दिवशी तो कोरा कागद घेऊन आला. आम्ही पुन्हा सुरुवात केली. धबधबा गेला. नऊ फोटोंच्या जागी दोन राहिले. एक मळणीचा, एक जेवणाच्या पडवीचा. पडवीत एका पंगतीला ३० मुले बसतात हे फोटोतच दिसत होते. 'अविस्मरणीय' गेले. त्याजागी आले: मळणी पाहणे व करून पाहणे, बैलगाडी, गांडूळ खताचे खड्डे, चुलीवरची तांदळाची भाकरी. मग माझ्या टेबलावर अडलेल्या त्या सगळ्या प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरे. एका वेळी जास्तीत जास्त ६० मुले. स्वच्छतागृहे चार, मुलींची दोन वेगळी. मोठी बस फाट्यापर्यंतच येते, पुढे दहा मिनिटे चाल. मोबाईलला रेंज नाही, घरी जोडफोन आहे. ओढ्यात उतरू दिले जाणार नाही. २० मुलांमागे १ शिक्षक विनामूल्य.

"सर, असं सगळं लिवलं तर कोण येणार?" त्याने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

भाषेचा प्रश्न तर आमच्या भागात पत्रिका छापण्याच्या आधीपासून उभाच असतो. मराठी वर की कन्नड वर? समोरच्या पानावर कोण, मागच्या पानावर कोण? इथे माणसे एका घरात दोन्ही भाषा बोलतात आणि कागदावर मात्र वर-खाली करून भांडतात. तोडगा निघाला तो घडीतून. एकच घडी घालायची. एका बाजूने उघडले की मराठीचे मुखपृष्ठ, कागद उलटा-सुलटा फिरवला की कन्नडचे मुखपृष्ठ. मागचे पान कुणाचेच नाही.

कन्नड मजकूर आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी लिहिला. भाषांतर करून द्या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "भाषांतर नको. बैलहोंगल, सौंदत्तीकडची मुलं येणार. ती काळ्या मातीतली, ज्वारी खाणारी. त्यांना भाताचं खाचर हेच नवल. खानापूरच्या मुलांना भात दाखवून काय करणार?" खरेच होते. म्हणून कन्नड बाजूला आधी भात आला, मराठी बाजूला आधी बैलगाडी. दर, संख्या आणि अटी मात्र दोन्हीकडे अक्षरशः सारख्या.

छापखानेवाले जुने ओळखीचे. पूर्वी ट्रेडलवर लग्नपत्रिका छापत, आता ऑफसेट आहे. त्यांनी कागद हातात घेऊन विचारले, "हे वाचणारा याच्यावर लिहिणार का?" मी म्हटले, लिहिणारच. मुलांचा आकडा, तारीख, फोनवर ठरलेला दर, सगळे मी पत्रकावरच टिपतो. "मग चकचकीत आर्ट पेपर नको. त्यावर शाई पसरते. मॅपलिथो घ्या. डावीकडं समास सोडा, पंच करून फाईलला लावता येईल. आणि दर पत्रकात छापू नका, वेगळी चिठ्ठी करा. दर वाढला की हजार पत्रकं रद्दीत जातात, चिठ्ठी काय शंभराची." इतकी वर्षे पत्रके वाचून मला जे सुचले नव्हते, ते त्यांना एका प्रश्नात सुचले.

हजार प्रती निघाल्या. नोव्हेंबरात तो दहा-बारा तालुक्यांच्या शाळा फिरला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा माझ्यासमोर बसला, चेहरा उतरलेला. एका मोठ्या शाळेची १६० मुलांची सहल जवळजवळ ठरली होती. पत्रकातला साठाचा आकडा वाचून त्यांनी दुसरीकडे ठरवले. "नुसतं लिवलो नसतो तर आले असते, सर. तीन पंगती केलो असतो." त्याच्या बँकेचा हप्ता मला ठाऊक होता. मला वाईट वाटले, आणि आपण दुसऱ्याच्या संसारावर आपल्या पापाचे प्रायश्चित्त तर करून घेत नाही ना, अशीही शंका चाटून गेली. ती अजून पुरती गेलेली नाही.

जानेवारीत त्याचा फोन आला. सौंदत्ती भागातल्या एका मुलींच्या हायस्कूलच्या बाईंनी त्याला फोन केला होता. कन्नडमधून त्यांनी एकच प्रश्न विचारला. मुलींसाठी दोन वेगळी लिहिली आहेत, पण आतून कड्या लागतात का? तो लागतात म्हणाला. फोन ठेवला आणि मागे जाऊन पाहिले, तर एकीची कडी ढिली होती. त्याने त्याच दिवशी ती बदलली. बाई ३८ मुली घेऊन आल्या. जाताना पन्नास पत्रके मागून घेऊन गेल्या, आजूबाजूच्या शाळांसाठी. २०२४ च्या हंगामात त्याने मुलींसाठी आणखी दोन स्वच्छतागृहे बांधली. पत्रक नव्याने छापले नाही. चारावर काट मारून सहा असे पेनाने लिहीत बसला होता. मॅपलिथोवर शाई पसरली नाही.

यंदा आमच्या शाळेची सहलही तिथेच न्यायचे ठरले. सूचना मी नेहमीप्रमाणे स्वतः लिहिली. सगळे त्या पत्रकातूनच घेतले, आणि ते पत्रक माझ्याच देखरेखीखाली तयार झालेले. तरी सही करताना हात थांबला. रविवारी एस.टी.ने फाट्यावर उतरलो, दहा मिनिटे चाललो. त्याने चहा ठेवायला सांगितला. मी म्हटले, चहा नंतर. मागच्या बाजूला गेलो, मुलींच्या एकेका दाराच्या आत जाऊन कडी लावून पाहिली. चारही लागल्या.

मग परत येऊन सूचनेखाली सही केली.